एक साठांश सेकंद

रविवारी सकाळी सहा वाजता हिंजवडीला कुणी जात नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस मात्र अर्धे पुणे तिकडेच निघालेले असते. वाकडच्या पुलापासून पहिल्या टप्प्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर काटायला तासभर लागला, तर त्यात कुणाला सांगण्यासारखे काही वाटत नाही. गाड्यांच्या रांगेत माणसे नाश्ता करतात, दाढी करतात, फोनवर साहेबांशी बोलून घेतात. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी याच रांगेत अख्खी ज्ञानेश्वरी ऐकून संपवली, असे त्यांच्या सौभाग्यवती सांगतात.

रविवारी पहाटे हाच रस्ता ओळखू येत नाही. माण गावाच्या अंगाला, तिसऱ्या टप्प्यात, रस्ते रुंद आणि सरळ. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, आत दिवे चालू आणि माणूस एकही नाही. फुटपाथवर चार-दोन फिरायला निघालेली म्हातारी माणसे, टपरीवर पहिल्या चहाचे आधण आणि रस्त्याच्या मध्यभागी निवांत झोपलेली कुत्री. पाच दिवस मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या माणसाला असा मोकळा रस्ता दिसला, की त्याच्या मनात काय येईल? वय पंचवीस असेल आणि बुडाखाली चांगली मोटारसायकल असेल, तर एकच गोष्ट येईल.

आधी लांबून भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येते. कुत्री उठून बाजूला होतात. त्यांना सवय झालेली असते. मग तो आवाज वाढत वाढत अंगावर येतो, आपल्यासमोरून कापड फाडल्यासारखा निघून जातो आणि मागे पेट्रोलचा वास राहतो. हे सगळे घडायला तीन सेकंदही लागत नाहीत. निवृत्तीनंतरची जवळजवळ तीन वर्षे मी दर रविवारी त्या तीन सेकंदांसाठी कॅमेरा घेऊन त्या रस्त्यावर उभा राहत असे. त्याचीच ही हकीकत आहे. ती मला सांगायची नव्हती. पण घराघरांत पंचविशीतली मुले आणि पायरीशी लावलेल्या मोटारसायकली आहेत, म्हणून सांगतो.

घाटावरची शाळा

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तेहेतीस वर्षे काढली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर पोट भरणारा माणूस. फोटोग्राफीचा नाद मात्र कॉलेजपासूनचा. त्या वेळी रोल महाग होता. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल त्यातल्या त्यात परवडायचा. छत्तीस फोटोंचा एक रोल महिनाभर पुरवायचा, असा हिशेब. लग्न-मुंजींचे फोटो काढून पुढच्या रोलचे पैसे सुटायचे. पण जीव रमायचा तो पळणाऱ्या गोष्टींत.

आणि आमच्याकडे पळणाऱ्या गोष्टी म्हणजे बैलगाडे. मावळात, खेड-जुन्नरकडे शर्यतीच्या मैदानाला 'घाट' म्हणतात. चढाचा मातीचा पट्टा, दोन्ही कडांना माणसांच्या भिंती, बैलांच्या पुढे उधळलेली घोडी आणि लाउडस्पीकरवर ती लांबलचक 'भिर्रर्रर्र'. एका गाड्याची बारी दहा-पंधरा सेकंदांत आटोपते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कॅमेऱ्याची गती एक सहस्रांश सेकंदावर ठेवली. म्हटले, वेगवान गोष्टीला वेगवान शटर. फोटो धुऊन आले. बैलांचा केसन् केस स्पष्ट, खूर हवेत, धूळसुद्धा जागच्या जागी थिजलेली. आईने फोटो पाहिला आणि विचारले, "हे बैल मातीचे आहेत का रे?"

माउलीने एका वाक्यात सगळी फोटोग्राफी शिकवली. मी वेग पकडायला गेलो होतो आणि वेगच काढून टाकला होता.

पुढच्या घाटावर एक वयस्कर स्टुडिओवाले भेटले. ते म्हणाले, "बैलाला थांबवू नकोस. तू त्याच्याबरोबर पळ." म्हणजे असे : शटर उलट सावकाश ठेवायचे, एक साठांश सेकंद. पाय ज्या जागी फोटो घ्यायचा त्या दिशेला रोवायचे. कंबर मात्र गाडा जिकडून येणार तिकडे पिळून घ्यायची. गाडा भिंगात आला, की त्याच्या वेगाने आपणही वळत राहायचे. समोर आल्यावर बटण दाबायचे आणि दाबल्यानंतरही वळणे थांबवायचे नाही. गावसकरची बॅट चेंडू गेल्यावरही पुढे जात राहायची, तसे. हे जमले, तर बैल स्पष्ट येतो आणि मागची माणसे, झाडे, मंडप सगळे आडव्या रेघांत पुसले जाते. मग तो बैल पळतो. नाही जमले, तर सगळेच पुसले जाते. माझ्या पहिल्या छत्तीसांतले दोन जमले. (या शर्यतींवर मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिसेंबर २०२१मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. मधली सात वर्षे घाट ओस होते.)

वेग कागदावर उतरवण्याची ही धडपड तशी जुनी आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडले, दोऱ्या ताणल्या आणि घोड्याच्या पायांनीच त्या तोडवून फोटो काढले. पळत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात, हे माणसाला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. पुढे १९१२-१३च्या सुमारास लार्तिग नावाचा अठरा-एकोणीस वर्षांचा फ्रेंच मुलगा मोटारींची शर्यत पाहायला गेला आणि जाणाऱ्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत त्याने फोटो घेतला. गाडी अर्धी चौकटीबाहेर गेली, चाक लांबुळके होऊन पुढे झुकले आणि मागचे प्रेक्षक उलट दिशेला कलले. फोटो बिघडला असे समजून त्याने तो बाजूला ठेवला. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचे प्रदर्शन भरवले तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. आज वेगाचे चित्र म्हटले, की जग त्या 'बिघडलेल्या' फोटोकडे बोट दाखवते.

मोटारसायकलींची खरी शर्यत मी पाहिली ती मद्रासजवळच्या शोलावरमला, ऐंशीच्या दशकात. दुसऱ्या महायुद्धातली ती जुनी विमानांची धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे शर्यती भरवत असे. कारखान्यातले आम्ही तिघे जण रजा टाकून, शिदोरीत धपाटे बांधून रेल्वेने गेलो होतो. तापलेले काँक्रीट, गवताच्या पेंढ्यांच्या भिंती आणि जत्रेसारखी गर्दी. नवी यामाहा आरएक्स १०० नुकतीच आली होती. ते दोन-स्ट्रोकचे कर्कश आवाज अजून कानांत आहेत. परतताना गाडीत आमचे एकच बोलणे चालू होते : मोटारसायकली आपण बनवायच्या, आकुर्डीपट्ट्यात एवढे कारखाने उभे राहायचे आणि शर्यत बघायला मात्र मद्रास गाठायचे! पुण्यात मातीवरच्या शर्यती होत, मोटोक्रॉसचे दर्दीही होते. पण डांबरावरच्या शर्यतीची धावपट्टी आमच्या तरुणपणी जवळपास नव्हती आणि पुढे आमचे केस पांढरे होईपर्यंतही नव्हती.

"काका, फोटो काढता का?"

आता हिंजवडीकडे येतो. आम्ही वाकडला राहायला आलो तेव्हा हिंजवडी म्हणजे म्हातोबाचे गाव होते. चैत्रातली यात्रा, बगाड, भाताची खाचरे आणि ऊस. नव्वदच्या दशकाच्या शेवटी औद्योगिक महामंडळाचे माहिती-तंत्रज्ञान पार्क उभे राहू लागले आणि खाचरांच्या जागी काच आली. लातूर, परभणी, अमरावती, जळगाव अशी ठिकठिकाणची मुले इथे नोकरीला आली. एका खोलीत चौघे, कॉट बेसिसवर. पहिल्या पगारातून आईला साडी घेतली जाते आणि पहिल्या बोनसमधून मोटारसायकल. २०१२पासून चाकणमध्ये तयार होणारी केटीएमची 'ड्यूक' रस्त्यावर दिसू लागली आणि तिच्या नारिंगी रंगाने या पोरांना वेड लावले. माझा भाचाही त्यातलाच. नोकरीसाठी आमच्याकडेच राहायला होता. एका रविवारी तोच मला म्हणाला, "मामा, तुम्ही त्या बैलांचे काढायचात ना, तसे आमचे काढा की!"

मी निवृत्त झालेलो. मुलीने नवा डिजिटल कॅमेरा घेऊन दिला होता, सेकंदाला दहा फोटो काढणारा. छत्तीस फोटोंचा महिना गेला होता. आता दोन मिनिटांत छत्तीस फोटो उडायचे आणि त्यांना काही किंमत नसायची. मी गेलो. दुभाजकाच्या दिव्यांसमोर, टपरीच्या थोडे पुढे जागा धरली. पहिल्याच सकाळी दोन-तीन फोटो असे उतरले, की माझे मलाच कौतुक वाटले. मोटारसायकल लख्ख आणि मागची काचेची इमारत नुसती वितळलेली.

फोटो भाच्याच्या फोनवर गेले, तिथून त्याच्या मित्रांच्या. पुढच्या रविवारी चार मुले होती, त्याच्या पुढच्या रविवारी अकरा. "काका, माझा पण काढता का?" "काका, गेल्या वेळचा थोडा स्लो वाटला, परत एकदा येतो." मुले आदबशीर. चहाचे पैसे मला कधी देऊ दिले नाहीत. कुणी आईच्या हातचे लाडू आणून द्यायचा. सौ. म्हणायची, "तुम्हाला नातवंडे मिळाली की काय?" खरे सांगायचे, तर तसेच वाटत होते. साठी उलटलेल्या माणसाची कुणी वाट पाहणे ही साधी गोष्ट नाही.

ते रस्त्यावर शर्यत लावतात, हे मला दिसत नव्हते का? दिसत होते. मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे गुन्हा आहे, हेही ठाऊक होते. पण मी स्वतःची समजूत घालत असे. मुले चालवणारच. मी थोडाच चालवा म्हणतो? मी फक्त उभा असतो. मी फक्त पाहतो.

डिसेंबर २०१८मधला एक रविवार. थंडी चांगली होती. परभणीकडचा एक मुलगा, कामाला हुशार, बोलायला लाजरा. त्याने नवीच गाडी घेतली होती. दोनदा माझ्यासमोरून गेला, थांबून फोटो पाहून गेला. "एक अजून, काका." तिसऱ्यांदा आला तेव्हा मी भिंगातून त्याच्याबरोबर वळत होतो. भिंगातून पाहणाऱ्याला भिंगाबाहेरचे दिसत नाही. बांधकामाच्या डंपरमधून रात्री सांडलेली खडी मला दिसली नाही. त्यालाही दिसली नाही. मी वळत राहिलो आणि चौकटीतून मोटारसायकल एकदम खाली निघून गेली. आवाज नंतर आला.

डोक्याला हेल्मेट होते म्हणून पोरगा वाचला. मांडीचे हाड मोडले, घोट्याचे तुकडे झाले. मी आणि टपरीवाल्याने रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेले. पोलिसांनी विचारले, तुम्ही तिथे काय करत होता? मी म्हटले, फोटो काढत होतो. त्यांनी माझे नाव साक्षीदार म्हणून लिहून घेतले.

त्याची आई रात्रीच्या बसने परभणीहून आली. साधी बाई, हातात स्टीलचा डबा. माझे पाय धरायला वाकली. "भाऊ, तुम्ही होते म्हणून लेकरू टायमावर पोचलं." मी काय बोलणार? मग तिने पदराच्या गाठीतून फोन काढला. फोनच्या पडद्यावर तिच्या मुलाचा फोटो होता. नारिंगी गाडी, मागे पुसलेली इमारत. "हा तुम्हीच काढलाय ना? गावाकडं सगळ्यांना दाखवलाय मी. पोरगं किती ऐटीत बसलंय."

टूलरूममधला हिशेब

त्या रात्री मला झोप आली नाही. उठून संगणक लावला आणि सकाळचे फोटो एकापुढे एक मांडले. टूलरूमचा माणूस दुःखातसुद्धा मोजमाप सोडत नाही. दुभाजकावरच्या दिव्यांच्या दोन खांबांमधले अंतर मी कधीतरी पावलांनी मोजले होते, साधारण तीस मीटर. कॅमेरा सेकंदाला दहा फोटो घेतो. मोटारसायकलच्या मागून पहिला खांब गेला तो फोटो आणि दुसरा खांब गेला तो फोटो, मध्ये किती घरे, एवढेच मोजायचे. थोडेफार इकडेतिकडे होईल, पण फसवणार नाही.

पहिल्या फेरीला तेरा घरे. म्हणजे तीस मीटरला १.३ सेकंद. ताशी ८३ किलोमीटर.

दुसऱ्या फेरीला अकरा. ताशी ९८.

तिसऱ्या फेरीला नऊ. ताशी १२०.

रस्ता तोच, मुलगा तोच, गाडी तीच. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये बदललेली गोष्ट एकच होती. तो दोन वेळा थांबून माझ्या कॅमेऱ्यात आपला फोटो पाहून गेला होता. वेग जवळजवळ दीडपट झाला होता. पण आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो दुपटीहून अधिक झाला. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातो. तेवढ्यात ८३च्या वेगाने गाडी २३ मीटर जाते, १२०च्या वेगाने ३३. एक साठांश सेकंदातसुद्धा पहिली सव्वा फूट सरकते आणि दुसरी पावणेदोन फुटांहून अधिक. म्हणूनच तिसऱ्या फेरीच्या फोटोंत मागची इमारत सर्वांत सुंदर पुसली गेली होती. फोटोग्राफर म्हणून मला तोच फोटो सर्वांत आवडला असता.

आणि त्या रांगेतल्या सातव्या फोटोत त्याची मान माझ्याकडे वळलेली आहे. हेल्मेटची काच वर आहे. तो हसतो आहे.

मी साक्षीदार नव्हतो. त्या शर्यतीत मीही होतो.

भाच्याला हे दाखवले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मामा, आम्ही तसंही चालवलंच असतं." मलाही त्या वेळी तेवढाच आधार हवा होता. पण पंधरा दिवसांनी मी त्या मुलालाच विचारले. पायात सळई, पाय उशीवर टांगलेला. मी आकडे सांगितले. त्याने छताकडे पाहत विचार केला. "काका, तुम्ही नसता तरी मी गेलोच असतो," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "पण एवढ्या जोरात नसतो गेलो."

हा त्याचा प्रामाणिकपणा. मला वाचवायला तो खोटे बोलू शकला असता.

त्याच्या आईला मी सगळे सांगितले ते पुढे, ती परभणीला परतण्याच्या आदल्या दिवशी. तिने ऐकून घेतले. रागावली नाही. डबा पिशवीत भरत म्हणाली, "आता ते फोटो बंद करा, भाऊ." एवढेच. फोनवरचा फोटो मात्र तिने काढला नव्हता.

मी बंद केले. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. हे सरकारी आकडे वाचले, की मला तो सातवा फोटो आठवतो. आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मित्र मागच्या सीटवरून चित्रण करतो, हँडलला लावलेला कॅमेरा स्वतःच चालू असतो. २०१९च्या दुरुस्तीने १८९व्या कलमाचा दंड पाच हजारांपर्यंत वाढला, पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण वाहवा करणाऱ्याला कलम नाही. ते आपले आपणच लावून घ्यावे लागते.

जिथे कुणी कॅमेऱ्याकडे पाहत नाही

बंद केले म्हणजे नाद सुटला असे नाही. आणि पोरांच्या वेडाला नुसते 'नको' म्हणून भागत नाही, हे कुठल्याही आईबापाला माहीत असते. २०१९च्या पावसाळ्यात भाच्याला घेऊन चेन्नईला गेलो. शोलावरम आता इतिहासजमा झाले. १९९०च्या सुमारास मद्रासच्या क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला कायमची धावपट्टी बांधली. ३.७१७ किलोमीटरची, बारा वळणांची. राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यतीच्या फेऱ्या तिथे होतात.

भाच्याला मी म्हटले, आधी शर्यत बघू नकोस, बाकीचे बघ. तो पाहू लागला. सगळे एकाच दिशेने जातात. समोरून कुणी येत नाही, आडवे कुत्रे नाही, डंपर नाही, दुभाजकही नाही. वळणाबाहेर मोकळी जमीन सोडलेली, म्हणजे पडणाऱ्याला आदळायला काही नको, नुसते घसरायला जागा. प्रत्येक वळणावर झेंडेवाले. पिवळा झेंडा दिसला, की धोका, ओलांडायचे नाही. लाल दिसला, की शर्यत थांबली. रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून उभी. स्वारांच्या अंगावर सलग चामड्याचा पोशाख, पाठीला कवच, गुडघ्याला घासण्यासाठी लावलेले ठोकळे. गाडीची आणि पोशाखाची तपासणी झाल्याशिवाय कुणी आत जात नाही. फोटोग्राफरलाही सही करून द्यावी लागते आणि नेमून दिलेल्या जागीच, भिंतीमागे उभे राहावे लागते.

मी एका वळणाच्या आतल्या बाजूला उभा राहिलो. पाय रोवले, कंबर पिळली. एकामागून एक स्वार आले, गुडघा डांबराला टेकवून, गाडी एवढी आडवी की पाहणाऱ्याचा श्वास अडावा. पण त्यांची मान सरळ आणि नजर पुढे, वळण जिथे संपते तिथे. रात्री लॉजवर चारशे फोटो चाळले. चारशेपैकी एकाही फोटोत कुणी माझ्याकडे पाहत नव्हते.

वेग तिथे हिंजवडीपेक्षा कितीतरी जास्त होता. धोका संपला होता असेही नाही. तिथेही पडतात, हाडे मोडतात. २०२३च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची जागतिक शर्यत झाली. इटलीच्या मार्को बेझेक्कीने ती जिंकली. दुसरा आलेला होर्हे मार्टिन उकाड्याने इतका गळून गेला, की शर्यत संपल्यावर त्याला उभेही राहवेना. जगातल्या उत्तमातल्या उत्तम स्वाराची ही गत! वेग फुकट मिळत नाही. त्याच्यामागे पहाटेचा व्यायाम असतो, जेवणाचे पथ्य असते, एका वळणाची हजारदा केलेली उजळणी असते. रस्त्यावरचा वेग फक्त उजव्या मनगटाच्या पिळाने मिळतो, म्हणून तो स्वस्त वाटतो.

भाच्याने परतल्यावर त्याच वर्षी चेन्नईला दोन दिवसांचे शिक्षण घेतले. आला तो वेगळाच होऊन. आता घाटात तो सर्वांत मागे असतो आणि मित्र त्याला 'आजोबा' म्हणतात. मी विचारले, तर म्हणाला, "मामा, तिथं कळलं, मला वळता येतच नव्हतं."

२८ जानेवारी २०२४ला आमच्या दारातच शर्यत आली. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी. स्टेडियममध्ये मातीचे उंचवटे रचलेले, देशी-परदेशी स्वार त्यांवरून घरांच्या छपरांएवढ्या उड्या मारत होते. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. परभणीचा तो मुलगाही आला होता. आता त्याचे लग्न झाले आहे, बायको सोबत होती. डावा पाय किंचित ओढतो, पायऱ्या चढताना जास्त कळते. मी जाळीमागून फोटो काढत होतो आणि तो शेजारी उभा राहून बराच वेळ निरखत होता. मग हसून म्हणाला, "काका, इथं कुणी तुमच्याकडं बघतच नाही."

मी म्हटले, "म्हणून तर काढतोय."

हिंजवडीत आता मेट्रोचे खांब आले आहेत आणि पहाटेची ती मोकळी जागाही आकसली आहे. तरी मुले असतात. मी अजूनही त्या टपरीवर रविवारचा चहा प्यायला जातो, कॅमेरा न घेता. जुने फोटो पाहिलेला एखादा नवा मुलगा ओळखून विचारतोच, "काका, फोटो काढता का?"

माझे उत्तर ठरलेले आहे. "काढतो की. शर्यतीच्या मैदानावर चल, तिथे काढतो. तुझी फी अर्धी मी भरतो."

बहुतेक जण हसून निघून जातात. आजवर दोघे आले.